अडीच तासांचं हैदराबाद आणि पुढचं हुलसूर

मुंबईहून हैदराबादला विमान अडीच तासांत पोहोचतं. हे वाक्य मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या सर्वांना एकदा भालकीच्या मोटारीत बसवावं अशी माझी इच्छा आहे. विमान खरोखरच अडीच तासांत पोहोचतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या प्रवासाची. त्याबद्दल विमानाने जाणारे कोणी बोलत नाहीत, कारण त्यांच्या सासुरवाड्या बहुधा विमानतळाला लागूनच असाव्यात.

मी काही हौसेने गेलो नव्हतो. माझी बायको कस्तुरा हिचे दिवस भरत आले होते. याआधी दोनदा आमची आशा फुकट गेली होती आणि या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायलाच मनाई केली होती. माहेरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. पडल्यापडल्या ती एकच गोष्ट मागत होती, "अव्वाला आणा." तिच्या माहेरी आईला अव्वा म्हणतात. पौषात मी सासूबाईंना पत्र घातलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं, "लेकरू झाल्यावर लगेच येऊ." ते उत्तर ऐकून कस्तुराने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आता चैत्र लागला, तिची तब्येत आणखी नाजूक झाली, आणि डॉक्टर माझ्याशी दाराबाहेर जाऊन बोलू लागले. मला सासूबाईंचा असा संताप आला की मी ठरवलं, आता पत्र नाही, स्वतः जायचं आणि त्यांना घेऊनच यायचं.

आमचं लग्न सोलापूरला लागलं होतं, त्यामुळे हुलसूर मी कधी पाहिलेलं नव्हतं. पत्त्याच्या शेवटी ठळक अक्षरांत "हैदराबाद" असं लिहावं लागे, एवढीच माझी माहिती. कोर्टातले माझे एक वकील स्नेही नुकतेच विमानातून जाऊन आले होते. महायुद्ध संपल्यापासून विमानाखेरीज ते दुसरं काही बोलतच नसत. म्हणाले, "अडीच तास. सकाळी निघा आणि दुपारी सासूच्या हातचं जेवा." मी जायचं-यायचं तिकीट काढलं. अख्ख्या संस्थानाला आणि त्यातल्या एका शहराला एकच नाव ठेवणाऱ्याने आमच्यासारख्यांचा काहीच विचार केला नव्हता, असं माझं आजही मत आहे.

आकाशातून

विमानाचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी ते माझ्या वकील स्नेह्यांकडून ऐकावं, ते चहा पाजून सांगतात. जुहूच्या विमानतळावर आम्हाला कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळ्या दिल्या. पंखे फिरू लागले तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटून माझं मनगट धरलं आणि घाट ओलांडेपर्यंत ते सोडलं नाही. खाली सगळीकडे करड्या रंगाची जमीन, मधूनच नदीची कोरडी रेघ. मी मनात खूश होतो, कारण अडीच तासांतला तास केव्हाच सरला होता.

अधूनमधून वैमानिक एक चिठ्ठी मागे पाठवी. आपण किती उंचीवर आहोत, खाली कोणतं गाव आहे, हे त्यात लिहिलेलं असे, आणि ती हातोहात फिरे. अशीच एक चिठ्ठी माझ्याकडे आली. त्यात लिहिलं होतं, डावीकडे कल्याणीचा किल्ला. कल्याणी हे नाव मी कस्तुराच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं; त्यांच्या गावचा बाजार कल्याणीचाच. मी खिडकीला नाक लावलं. खाली पांढरट घरांचे ठिपके सरकत होते आणि त्यातलाच एखादा माझ्या सासूबाईंचा असणार होता. आम्ही त्यांच्या डोक्यावरून पुढे निघून चाललो होतो. मी कर्मचाऱ्याला विचारलं, हैदराबाद अजून किती लांब? तो हसून म्हणाला, फार नाही, शंभरेक मैल. शंभर मैल पुढे जायचं आणि तेवढेच मागे यायचं, हा हिशेब तेव्हा प्रथम माझ्या डोक्यात शिरला.

भालकी

हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर उतरल्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या लोकांनी माझी पिशवी उपसली. कस्तुराने आईसाठी दिलेलं लुगडं नवं आहे की वापरलेलं यावर दोन अधिकाऱ्यांचा बराच वेळ वाद चालला. मग टांगा, मग स्टेशन, मग बिदरवरून जाणारी गाडी. ही गाडी प्रत्येक स्टेशनावर अशी थांबे की जणू तिथेच तिचं माहेर आहे. भालकीला उतरलो तेव्हा माझ्या विमानातले सहप्रवासी केव्हाच आपापल्या घरी झोपले असतील, या विचाराने मला त्यांचाही राग आला.

भालकीहून हुलसूरकडे जाणारी मोटार कोळशाच्या धुरावर चाले. मागे एक भट्टी, ती पेटवायची, पंख्याने फुंकायची, मग गाडी निघायची, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. ड्रायव्हर गफूरभाई मोठा शांत माणूस होता. मी घाई करू लागलो की तो म्हणे, "अब्बी जाते साब," आणि पान लावायला बसे. मी कुठून आलो हे त्याने विचारलं. मी विमानाचं सांगितलं. त्याने पान तोंडात घातलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"बंबई से आये तो गुलबर्गा कायकू नै उतरे? रात को रेल में बैठे तो सुबू गुलबर्गा. वहाँ से सीधी सडक है."

मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही.

"पूछे तो बोलते ना," गफूरभाई म्हणाला आणि भट्टीत कोळसा टाकायला गेला. मोटारीतल्या बाकीच्यांनी ही हकिकत एकमेकांना कानडीत, तेलुगूत आणि मराठीत समजावून सांगितली. तीनही भाषांत लोक सारख्याच ठिकाणी हसत होते, त्यामुळे त्यातल्या दोन येत नसल्याचं मला दुःख झालं नाही.

हुलसूर

दारावर पोहोचलो ते चुलत सासऱ्यांच्या. त्यांना सगळा गाव शंकरअण्णा म्हणतो. सासरे वारल्यापासून घर-शेती तेच पाहतात. मी धुळीने माखलेला, घसा कोरडा, आणि पहिलंच वाक्य बोललो, "सासूबाई कुठे आहेत? आत्ताच निघायचं आहे."

अण्णांनी आधी पायावर पाणी घातलं, मग घोंगडी अंथरली, मग गुळाचा खडा दिला. मग सावकाश म्हणाले, "वैनी हितं न्हाईत. परसूंच मुडबीला गेल्या, नणंदंकडं."

परसूं म्हणजे परवा, एवढं मला कळत होतं. परवा गेलेलं माणूस पाहुणचार सोडून लगेच पुढे जाणार नाही, म्हणजे त्या मुडबीला सापडणारच. मी पिशवी उचलली. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला लावली.

"जावई पयल्यांदा दारात आला आन् उपाशी गेला, तर गाव माझ्या तोंडाला काळं फासंल. बसा की. हुग्गी करायलीय."

हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची गुळातली खीर. ती चुलीवर शिजायला किती वेळ लागतो हे मला तिथे कळलं, आणि वर तूप किती ओततात हेही कळलं. आमच्याकडे पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणं थांबवतात. हुलसूरला पाहुण्याने "पुरे" म्हटलं की ती सुरुवात समजतात. बरोबर पुंडीची, म्हणजे अंबाडीची आंबट भाजी, शेंगांची चटणी आणि पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी. इतकं चविष्ट जेवण मी इतक्या वैतागून आयुष्यात कधी जेवलो नव्हतो.

जेवताना विमानाचा विषय निघालाच. मी आकाशातून गाव पाहिलं हे ऐकून अण्णा विचारात पडले.

"आमच्या डोस्क्यावरनंच गेलाव म्हना की. मंग हितंच उतरायचं व्हतं."

"विमान मधे थांबत नाही अण्णा."

"कामून? हुलसूरचा जावई हाव म्हनून सांगायचं की त्येला."

मी हात धुवायला उठलो. निघताना त्यांनी मला टॉवेल-टोपी दिली, कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ हातात ठेवला. नंतर आणखी चार भावकीच्या घरांनी तेच केलं. जावई एका घरी जाऊन दुसऱ्या घरी गेला नाही तर तिथे म्हणे वैर धरतात. मी दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत चढलो तेव्हा माझ्या मांडीवर टॉवेलांची चवड होती आणि तिकडे कस्तुरा कशी असेल या विचाराने मला ती चवड भिरकावून द्यावीशी वाटत होती.

मुडबी

दमणीचा रस्ता काळ्या मातीतून जातो. तूर निघून गेलेली, रानात नुसते खुंट उरलेले, आणि ऊन असं की बैलही बाभळीच्या सावलीपाशी आपोआप रेंगाळत. मध्येच एक चाक निखळलं. गाडीवानाने ते बसवलं, त्याआधी तंबाखू मळली आणि त्यानंतरही मळली. वरून एक घार संथपणे फिरत होती. तिच्याकडे पाहून मला विमानाची आठवण आली आणि मी मान खाली घातली.

मुडबीला सासूबाईंची नणंद, गंगाक्का, उंबऱ्यात धान्य पाखडत बसल्या होत्या. मी कोण हे कळताच त्यांनी पदर सावरला आणि आत ओरडून चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं.

"वैनी? ती परसूंच गेली की कडगंचीला. भैनीकडं."

इथे मात्र माझा तोल गेला. मी म्हणालो, हुलसूरहून त्या परवा निघाल्या, मला इथे यायलाच मधले दिवस गेले, मग इथूनही त्या परवाच कशा निघतील? मुडबीला त्या जेवल्या तरी का, की दारावरूनच पुढे गेल्या?

"जेवली की. म्हैनाभर ऱ्हायली."

"परवा गेल्या आणि महिनाभर राहिल्या?"

"व्हय. संक्रांतीचं वान लुटलं, मंग हुलसूरहून हिकडं आली. भैनीचा पाय मोडला म्हनून कळलं तवा गेली. परसूं."

"अहो, संक्रांत होऊन किती दिवस झाले. परवा म्हणजे नक्की कधी?"

गंगाक्कांनी सूप खाली ठेवलं. मला काही समजत नाही हे त्यांना आता समजलं होतं, आणि त्यांनी ते माझ्या शिक्षणाकडे न पाहता प्रेमाने समजावलं.

"काल न्हवं ते समदं परसूंच की, जावईबापू."

हा शब्द तिकडे हैदराबादी बोलीतून आला आहे. त्या बोलीत कालच्या मागचा प्रत्येक दिवस परसूं असतो, मग तो चार दिवसांमागचा असो की चार वर्षांमागचा. आमचं परवा पंचांगाला बांधलेलं, त्यांचं परसूं मोकळं सुटलेलं. मी त्या मोकळ्या परसूंच्या मागे बैलगाडीतून धावत होतो. तिथेही जेवण झालं, तिथेही टॉवेल-टोपी झाली. मी गंगाक्कांना विचारलं, कडगंचीची गाडी कधी मिळेल. त्या म्हणाल्या, "उद्या." हुलसूरच्या परसूंचा अनुभव असल्याने मी तीनतीनदा विचारून घेतलं की उद्या म्हणजे उद्याच ना.

कडगंची

सासूबाई सापडल्या. बहिणीच्या पायाला पाला बांधत होत्या. मला पाहताच त्या उठून दाराआड गेल्या. त्यांच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. जे बोलायचं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं आणि दुसऱ्याने ते ऐकायचं. तिसरं माणूस म्हणजे खाटेवर पडलेली तीच बहीण, कस्तुराची मावशी, आणि तिला ऐकायला कमी येत होतं.

इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडाशी आला होता. मी दाराकडे तोंड करून सगळं बोललो. पोरगी अंथरुणाला खिळली आहे, रात्रंदिवस अव्वा अव्वा करते आहे, आणि आई म्हणते लेकरू झाल्यावर येऊ. लेकरू झाल्यावर यायला मग अख्खं गाव पडलंय. पोरीला काही झालं तर कोणाकडे येणार आहात?

मावशीला निम्मंच ऐकू गेलं होतं, पण जे गेलं ते पुरे होतं. ती म्हणाली, "रागावू नगा. लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई आमच्यात, तिला लेकरू होईस्तवर. तितं यिऊन ही उपाशी बसंल, आन् तुमच्या घराला बट्टा. लेक ते बगून अजून कष्टी व्हईल. म्हनून म्हनली व्हती, झाल्यावर येऊ."

ही रीत आमच्याकडेही होती, पण ती माझ्या पणजीबरोबर गेली. मी चिडूनच बोललो, "मग प्या की पाणी. कोण बघायला बसलंय?"

मावशीने डोळे मोठे केले. मग दाराआडून आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "त्यांला इचार, पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपायली का?"

मी हो म्हणालो. लहानपणी तिला बरं नसलं की ती तशीच झोपे, हे मला मागून कस्तुराने सांगितलं.

"त्यांला म्हनावं, मी यिते. पान्याचं माझं मी बगते."

गुलबर्गा आणि रेल्वे

कडगंचीहून गुलबर्ग्याची मोटार खरोखरच सरळ सडकेने जाते आणि उतारूंना उतरवत नाही. गुलबर्ग्याला माझ्या खिशात हैदराबादहून सुटणाऱ्या विमानाचं तिकीट होतं. म्हणजे मुंबईला लवकर पोहोचण्यासाठी मी आधी मुंबईपासून लांब जायचं होतं. ते तिकीट मी स्टेशनावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मुंबईच्या मेलची दोन तिकिटं काढली. इतका सरळ निर्णय मी त्या सगळ्या प्रवासात दुसरा घेतला नाही.

गाडीत ओळखीचं तिसरं माणूस नव्हतं. म्हणून सासूबाई खिडकीशी बोलू लागल्या.

"ही रेल कुनाची म्हनावं?"

मी खिडकीला सांगितलं, कंपनीची.

"आन् तिकीट?"

"तिकीट माझं."

त्यांनी मान हलवली. गाडी कंपनीची असली तरी बसायची जागा जावयाची ठरली, म्हणून तिथे मी दिलेलं पाणीही चालेना. कडगंचीच्या विहिरीचं पाणी तांब्यात होतं, ते सोलापूरच्या आधीच संपलं. मग प्रत्येक मोठ्या स्टेशनावर त्या खाली उतरायच्या, फलाटावरच्या नळाचं पाणी प्यायच्या, कारण नळ सगळ्यांचा, आणि मी दारात उभा राहून गार्डाच्या शिट्टीकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहायचो. दौंडला गाडी हलली तेव्हा त्या अजून चूळ भरत होत्या. मी उतरलो, त्यांना जवळजवळ उचलूनच चढवलं, आणि डब्यातल्या लोकांनी जावयाने सासूला हात लावल्याबद्दल कुजबुज केली. घाट उतरताना खिडकीला विचारणा झाली, विमानातून आमचं घर दिसलं का. मी म्हणालो, दिसलं असावं, पण फार लहान दिसलं.

मुंबई

कस्तुराने आईला पाहिलं आणि भिंतीकडचं तोंड फिरवलं. बाकी काही मी लिहीत नाही, कारण त्या दोघी काय बोलल्या ते कानडीत बोलल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

सासूबाई समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे दोन घास खाऊन यायच्या आणि तिथेच पाणी प्यायच्या. काकूंना यात गंमत वाटे, मला शरम वाटे. तिसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. नर्सबाई आल्या, डॉक्टर आले, दार लागलं, आणि सासूबाई आत गेल्या त्या बाहेरच आल्या नाहीत. ऊन चढलं. पत्रा तापल्यासारखं घर तापलं. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, त्यांनी फटीतून हात हलवून नको म्हटलं. काकूंनी आपल्या घरी बोलावलं, तर पोरीचा हात सोडायला त्या तयार नव्हत्या. आतून कस्तुराचं ओरडणं ऐकू येई आणि मी बाहेर येरझाऱ्या घालत त्या रीतीला, हैदराबादला, विमानाला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. मागच्या दोन्ही वेळी असंच ओरडणं झालं होतं आणि मग काहीच ऐकू आलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, चिडलेला. मी दाराशी धावलो.

दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, ओठांना सालं सुटली होती, आणि त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"पोरगी हाय. दोघी बऱ्या हायत." मग भिंतीचा आधार घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, पानी आना. तुमच्या घरचं आना."

मी माठात तांब्या बुडवून भरून आणला. त्यांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि आणखी मागितलं.